क्विक रिलीज चाक: ओठ घासू नका, पण त्यांच्या भरवशावरही राहू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. हायब्रीड सायकल, पुढे-मागे डिस्क ब्रेक, पुढचं चाक क्विक रिलीजचं, म्हणजे पान्याशिवाय लिव्हरने उघडणारं. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या (फोर्कच्या) दोन्ही टोकांवर बाहेरच्या अंगाला उंचवटे, म्हणजे ओठ, आहेत, त्यामुळे लिव्हर उघडली तरी चाक निघत नाही, पलीकडचा नट दर वेळी चार-पाच फेरे सैल करावा लागतो. ग्रुपमधल्या एकाने ते उंचवटे कानस मारून काढायला सांगितलं आहे. काढावेत का, याबद्दल नियम काय आहे, आणि लिव्हर नेमकी कोणत्या बाजूला हवी?

काढू नका. तुमच्या सायकलीला डिस्क ब्रेक आहे, एवढं एकच कारण पुरेसं आहे. पण ते कारण नीट समजलं नाही, तर ओठ शाबूत ठेवूनही चाक सुटायची वेळ येऊ शकते. म्हणून सविस्तर लिहितो. (या उंचवट्यांना सायकलवाले ओठ म्हणतात. नुकसानभरपाईच्या दाव्यांच्या धाकाने कंपन्यांनी ते बसवले म्हणून चेष्टेने वकिली ओठ असंही म्हटलं जातं.)

आधी यंत्रणा. हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचा, एक्सल (आस) पोकळ असतो आणि त्यातून ५ मिमी जाडीची सळई जाते. सळईच्या एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला लिव्हर. लिव्हरच्या बुडाशी कॅम, म्हणजे मध्यापासून सरकलेली चकती, असते. लिव्हर मिटवली की कॅम सळईला बाहेर खेचतो, सळई किंचित ताणली जाते, आणि त्या ताणाने चिमट्याची दोन्ही टोकं हबच्या दोन्ही बाजूंचे लॉकनट आणि बाहेरचा नट-लिव्हर यांच्यामध्ये आवळली जातात. चाकाला धरून ठेवतं ते हे आवळणं, म्हणजे दोन पत्र्यांमधलं घर्षण आणि लॉकनटच्या दातांनी धातूत घेतलेली पकड. एक्सल चिमट्याच्या टोकांतल्या खाचेत बसलेला असला, तरी खाच खालून उघडीच असते. आवळणं गेलं की चाकाला धरणारं काही उरत नाही. उरलेच तर ओठ.

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नियमांचा सगळा इतिहास त्यांच्याभोवती फिरतो. एक, लिव्हर मिटलेली असताना चाक किती जोर सोसतं. दुसरी, लिव्हर चुकून उघडी राहिली किंवा सैल पडली, तर चाक निदान चिमट्यात अडकून राहतं का.

अमेरिकेत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचे सायकलींसाठीचे नियम, म्हणजे तिथल्या संघराज्याच्या नियमसंग्रहातला १६ सीएफआर भाग १५१२, १९७६ पासून लागू आहेत. त्यातलं चाकाच्या हबचं कलम वाचण्यासारखं आहे. मागच्या चाकासाठी स्पष्ट आकडा आहे: चाक निघण्याच्या दिशेने एक्सलवर दोन्हीकडे सारखा मिळून १,७८० न्यूटन जोर ३० सेकंद लावला, तरी एक्सल फ्रेममध्ये हलता कामा नये. पुढच्या चाकाच्या साध्या नटांनी सोडवण्याच्या दिशेने १७ न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) सोसला पाहिजे. शिवाय नट बोटांनी घट्ट केलेल्या स्थितीपासून पूर्ण एक फेरा सैल केले आणि खाचेच्या रेषेत १११ न्यूटनने ओढलं, तरी चाक सुटता कामा नये, म्हणजे दुसरी अडवणूक सक्तीची. पण ही अट ज्या पुढच्या हबला लिव्हरचं क्विक रिलीज नाही, त्यालाच आहे! लिव्हर असलेल्यांना तीन अटी: आवळणं कमी-जास्त करता आलं पाहिजे, लिव्हर चालवणाऱ्याला स्पष्ट दिसली पाहिजे आणि ती मिटलेली आहे की उघडी हे कळलं पाहिजे, आणि आवळल्यावर चिमट्याच्या धातूवर तिचा ठसा उमटला पाहिजे. ठशाच्या अटीतून कार्बन फायबरला २०११ च्या दुरुस्तीत सूट मिळाली, कारण कार्बनवर ठसा उमटणं म्हणजे चिमट्याची नासाडी.

असं का, तर हा नियम झाला तेव्हा क्विक रिलीज ही शर्यतीच्या सायकलींची चीज होती. इटलीच्या तुल्लिओ कांपान्योलो यांनी ती रूढ केली ती शर्यतीत चाक झटपट बदलता यावं म्हणून, आणि ती वापरणाऱ्याला ती कशी मिटवायची हे ठाऊक असणार असं गृहीत होतं. पुढे तीच लिव्हर मुलांच्या, बाजारात जायच्या, सुपरमार्केटात विकल्या जाणाऱ्या स्वस्त सायकलींवर आली. लोक ती पंखाच्या नटासारखी फिरवून घट्ट करू लागले, चाकं निखळू लागली, दावे झाले. कायद्याने न मागितलेले ओठ कंपन्यांनी आपणहून घातले ते या वाटेने.

युरोपात आणि आता बहुतेक जगात आधार आहे आयएसओ ४२१० चा, म्हणजे सायकलींच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा. २०१४ मध्ये हे मानक अनेक भागांत नव्याने मांडलं गेलं आणि २०२३ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली. इथे पुढच्या चाकाबाबत सूट नाही. यंत्रणा मिटलेली असताना एक्सलवर २,३०० न्यूटन, ६० सेकंद, सरकणं शून्य. लिव्हर पूर्ण उघडी आणि ब्रेक सोडवलेला असताना खाचेच्या रेषेत १०० न्यूटन, तरीही चाक चिमट्यातून सुटायचं नाही. म्हणजे या मानकाप्रमाणे ओठ किंवा त्यांच्यासारखी कुठली तरी अडवणूक असणं भागच आहे. लिव्हरसाठीही आकडे आहेत: बरोबर जुळवलेली लिव्हर मिटवायला २०० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागू नये; मिटलेली लिव्हर उघडायला निदान ५० न्यूटन लागलाच पाहिजे; आणि नट मुद्दाम जास्त घट्ट ठेवून लिव्हरवर २५० न्यूटन लावला तरी ती मोडता किंवा वाकता कामा नये. २०० न्यूटन म्हणजे साधारण २० किलोचा दाब, ५० म्हणजे ५ किलोचा. तळहाताला हे माप ओळखता येतं, म्हणून मला मानकातले हे सगळ्यात उपयोगी आकडे वाटतात. तुमच्या सायकलीच्या पुस्तिकेत आयएसओ ४२१० चा उल्लेख असेल, तर ओठ घासल्यावर ती सायकल त्या मानकात बसत नाही, आणि चिमट्याच्या वॉरंटीचा विषयही तिथेच संपतो.

आता डिस्क ब्रेकबद्दल. ओठांची निंदा करणारे बहुतेक जण रिम ब्रेकच्या, म्हणजे चाकाच्या कड्याला पकडणाऱ्या ब्रेकच्या, जमान्यातले आहेत आणि त्यांच्या सायकलीपुरतं त्यांचं म्हणणं फारसं चुकीचं नाही. रिम ब्रेक लागतो तेव्हा चाकाला खाचेतून खाली ढकलणारं काही विशेष नसतं. सायकलीचं वजन एक्सलला खाचेत वर दाबून धरतं. डिस्क ब्रेकचं गणित उलटं आहे.

कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड धरणारा भाग, चिमट्याच्या डाव्या पायाच्या मागच्या बाजूला असतो. सायकल पुढे जात असताना रोटरचा, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीचा, मागचा भाग वरच्या दिशेने फिरत असतो. ब्रेक पॅड त्याला अडवतात, म्हणजे रोटरला खाली ढकलतात. रोटर हबला जोडलेला, हब एक्सलवर, आणि खाच खाली उघडी. आकडे घालून बघू. चालवणारा आणि सायकल मिळून ८५ किलो, जोरात ब्रेक, वेग घटण्याचा दर गुरुत्वत्वरणाच्या निम्मा. टायरवर सुमारे ४२० न्यूटन. चाकाची त्रिज्या ३४ सेंटीमीटर, म्हणून पीळ साधारण १४० न्यूटन-मीटर. १६० मिमीच्या रोटरवर पॅड केंद्रापासून ७ सेंटीमीटरवर पकडतात. १४० भागिले ०.०७, म्हणजे २,००० न्यूटन. इतक्या ब्रेकला जवळजवळ सगळं वजन पुढच्या चाकावर येतं आणि ते एक्सलला वर दाबतं, पण ते दोन पायांत वाटलं जातं: प्रत्येकी ४०० न्यूटनच्या आसपास. ब्रेकचा जोर मात्र वाटला जात नाही, तो जवळजवळ पूर्ण डाव्या टोकावर येतो. वजाबाकी केली की डाव्या टोकावर एक्सलला खाचेबाहेर ओढणारा जोर दीड हजार न्यूटनच्या घरात राहतो. १५० किलो लटकवल्यासारखं.

मानकातले २,३०० न्यूटन दोन्ही टोकांना मिळून आहेत, म्हणजे एका टोकाला ११५०. वरचं गणित शेजारी ठेवा. चांगलं क्विक रिलीज या चाचणीपेक्षा पुष्कळ जास्त धरतं म्हणून रोज चाकं पडत नाहीत. पण नियमाचा किमान आकडा डिस्क ब्रेकसाठी ऐसपैस आहे असं समजू नये. हा मुद्दा २००३ च्या सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅनन यांनी जाहीरपणे मांडला आणि त्यावर बरीच वर्षं खडाजंगी चालली. पुढे अनेक चिमट्यांच्या खाचा सरळ खाली न ठेवता पुढच्या दिशेला झुकवल्या गेल्या, म्हणजे ब्रेकचा जोर खाचेच्या तोंडाकडे न जाता तिच्या भिंतीवर येतो. तुमच्या चिमट्याची खाच बाजूने पाहा. ती पुढे झुकलेली असेल तर बरं आहे.

दुसरी गोष्ट सैल पडण्याची. ब्रेक लावताना डावं टोक खाली ओढलं जातं, सोडल्यावर खड्ड्यांच्या धक्क्यांनी परत वर बसतं. सिंहगडासारख्या उतारावर हे शेकडो वेळा होतं. आवळणं पुरेसं असेल तर काहीच हलत नाही. कमी असेल तर एक्सल रेसभर सरकतो, परततो, आणि अशा आडव्या हालचालीने आट्यांवरचा नट हळूहळू उलटा फिरू लागतो. म्हणजे सुरुवातीला जेमतेम घट्ट असलेली यंत्रणा खाली पोहोचेपर्यंत सैल झालेली असू शकते, लिव्हर मात्र छान मिटलेली दिसते. अशा वेळी चाक आणि रस्ता यांच्यामध्ये फक्त ओठ असतात. ते सगळा ब्रेकचा जोर कायम सोसायला बनवलेले नाहीत, पण खडखडाट ऐकून थांबायला वेळ नक्की देतात.

लिव्हरच्या बाजूचा प्रश्न याहून वेगळा आणि जास्त ठोस आहे. एप्रिल २०१५ मध्ये ट्रेक कंपनीने अमेरिकेत सुमारे ९ लाख आणि कॅनडात सुमारे ९८ हजार सायकली परत मागवल्या. पुढे डिस्क ब्रेक आणि १८० अंशांच्या बरीच पलीकडे उघडणारी क्विक रिलीज लिव्हर, असा तो जोड होता. लिव्हर उघडी किंवा नीट न मिटलेली राहिली तर ती रोटरमध्ये अडकून चाक जागच्या जागी थांबवू शकत होती, किंवा चाक निखळू शकत होतं. नोंदलेल्या तीन अपघातांतल्या एकात चालवणाऱ्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर आणखी तेरा कंपन्यांनी मिळून अमेरिकेत सुमारे १३ लाख सायकली याच कारणासाठी परत मागवल्या. दोष तयार करताना राहिलेला नव्हता. लिव्हर नियमाप्रमाणे होती, ब्रेक नियमाप्रमाणे होता, दोन्ही शेजारी आल्यावर काय होईल हे कोणत्याच कलमात विचारलेलं नव्हतं.

त्या वेळची तपासणी आजही घरी करता येते. लिव्हर पूर्ण उघडा, रोटरकडे जाईल तितकी नेऊन ठेवा आणि तिच्या व रोटरच्या मधून साधी पेन्सिल घालून बघा. ६ मिमी जागा हवी. पेन्सिल जात नसेल, किंवा लिव्हर रोटरला टेकत असेल, तर ती सळई बदला. सायकल त्या कंपन्यांची नसली तरी बदला. तसल्या लिव्हर कित्येक ब्रँडच्या सायकलींवर असतात.

बाजूबद्दल उत्पादकांत एकमत नाही. जुनी पद्धत डावीकडे ठेवायची, कारण मागे उजवीकडे गिअर असतात आणि पुढेही तीच सवय. सायकलीचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या पुस्तिका मात्र डिस्क ब्रेक असेल तर लिव्हर रोटरच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पुढे उजवीकडे ठेवा असं सांगतात. माझं मत शिमानोच्या बाजूचं आहे: अडकण्याचा धोका जातो आणि उतारावर तापलेल्या रोटरला बोट लागून भाजत नाही. तुमच्या सायकलीच्या पुस्तिकेत स्पष्ट वेगळी सूचना असेल तर ती पाळा. मिटलेली लिव्हर चिमट्याच्या पायाच्या मागे, वर किंवा मागे तोंड करून असावी. पुढे तोंड केलेली लिव्हर झुडपात किंवा पार्किंगमधल्या शेजारच्या सायकलीत अडकून उघडते.

आता चाक बसवणं. सायकल जमिनीवर दोन्ही चाकांवर उभी हवी. उलटी करून किंवा टांगून आवळलं तर एक्सल खाचेत वाकडा बसतो, आणि डिस्क घासतेय म्हणून मग लोक कॅलिपर हलवत बसतात. शंकूच्या आकाराच्या दोन्ही स्प्रिंगांचं अरुंद तोंड हबकडे. ती उलटी असेल तर स्प्रिंग खाचेत चेपली जाते आणि आवळणं तिच्यावरच खर्च होतं. चाक खाचेत सरळ वर बसवा, हँडलवर वजन टाका. लिव्हर एका हाताने उघडी धरा आणि दुसऱ्या हाताने पलीकडचा नट घट्ट करत आणा. लिव्हर मिटवताना ती सळईच्या रेषेत सरळ बाहेर आली की तिथून विरोध जाणवायला हवा. तिथून पुढे तळहाताने दाबून मिटवायची, बोटं चिमट्याच्या पायाभोवती. तळहातावर लिव्हरचा वळ उमटला पाहिजे. विरोध उशिरा लागला तर लिव्हर उघडा, नट पाव फेरा घट्ट करा, पुन्हा मिटवा. दोन्ही हात लावूनही मिटत नसेल तर पाव फेरा सैल. लिव्हर धरून नटासारखी गोल फिरवायची नाही, कधीच नाही. तसं केलं की कॅम वापरलाच जात नाही आणि बोटांच्या जोराने मिळणारा ताण कॅमच्या ताणापुढे नगण्य असतो.

मग पुढचं चाक उचलून टायरवर वरून तळहाताने जोरात दोन-चार थापा मारा. चाक खाली सरकलं किंवा टकटक आली तर पुन्हा पहिल्यापासून. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला आणि डावं टोक पाहा. ओठांमुळे नट दर वेळी सैल करावा लागतो, म्हणून ही जुळवणी दर वेळी नव्याने करावी लागते. ओठांवरचा एकमेव खरा आक्षेप हाच आहे: सुरक्षेसाठी घातलेली गोष्ट चूक करायची संधी रोज देते. उपाय सोपा आहे. नट किती फेरे सैल केला ते मोजा, परत तेवढेच फेरे घट्ट करा, आणि तरीही वळ बघा.

नीट मिटवूनही आवळत नसेल तर कारण बहुतेक वेळा पुढच्यापैकी एक असतं. एक्सलचं टोक चिमट्याच्या पत्र्याबाहेर डोकावत असेल तर सळई चिमटा न आवळता एक्सलच आवळते. लिव्हर मस्त घट्ट लागते आणि चाक मात्र मोकळं. पुढच्या १०० मिमी हबला एक्सल साधारण १०८ मिमी असतो, म्हणजे दोन्हीकडे ४ मिमी बाहेर. चिमट्याचं टोक त्याहून पातळ असेल तर एक्सल घासून आखूड करावा लागतो. टोक पत्र्याच्या आत अर्धा-एक मिमी राहायला हवं. घासायचंच असेल तर कानस इथे लावा, ओठांना नाही. नव्या सायकलीत टोकांवर रंगाचा जाड थर असतो. तो चेपला की ताण उतरतो, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांनंतर परत जुळवा. कॅम कोरडा किंवा धुळीने भरलेला असेल तर हाताचा जोर घर्षणात जातो आणि सळईपर्यंत पोहोचत नाही. दोन थेंब तेल पुरतं. नटाच्या आट्या झिजल्या असतील तर सळईसकट बदला. आटी ०.८ मिमीची असते. नट निदान पाच पूर्ण फेरे सळईवर चढलेला हवा.

सळई घ्यायची तर कॅम धातूच्या डोक्यात बंद असलेली घ्या. हलक्या, देखण्या सळयांमध्ये कॅम उघडा असतो आणि प्लास्टिकच्या वाटीवर सरकतो. त्यात घर्षण जास्त, म्हणून त्याच हाताच्या जोरात आवळणं कमी, आणि पाऊस-चिखलात आणखी कमी. टायटॅनियमची सळई पोलादापेक्षा सुमारे दुप्पट लवचिक असते, तेवढ्याच कॅमच्या हालचालीत ताण कमी येतो. काही ग्रॅम वाचवण्यासाठी डिस्कच्या सायकलीवर ती लावू नये. नट आणि लिव्हरच्या आतल्या तोंडाला पोलादाचे दाते हवेत. गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियम घसरतं. खरेदी करताना हबची रुंदी सांगा: पुढे १००, मागे १३० किंवा १३५ मिमी. घरातल्या ट्रेनरसोबत (एका जागी सायकल चालवायच्या स्टँडसोबत) आलेली मागची सळई फक्त ट्रेनरसाठी आहे, रस्त्यावर जुनी परत लावा. मागे मुलांची गाडी जोडणार असाल तर तिची पट्टी सळईखाली येते, तेव्हा आट्या पुरतात का ते मोजा.

थ्रू एक्सल हवा का, हेही बरेच जण विचारतात. १२ किंवा १५ मिमीचा तो एक्सल बंद भोकातून जातो, त्यामुळे चाक खाली सुटायला वाटच नसते आणि वरचं सगळं गणित गैरलागू होतं. पण त्यासाठी चिमटा आणि हब दोन्ही बदलावे लागतात. हायब्रीडवर तो खर्च क्वचितच वसूल होतो. पुढची सायकल डिस्कची घेणार असाल तर मात्र थ्रू एक्सलचीच घ्या, आणि त्यावर कोरलेला पीळ, बहुधा १२ न्यूटन-मीटरच्या आसपास, टॉर्क पान्याने द्या. सध्याच्या सायकलीला बंद कॅमची पोलादी सळई, रोटरच्या विरुद्ध बाजूची लिव्हर आणि शाबूत ओठ एवढं पुरे.